कलेक्टर खांद्यावर बसतात

"त्यात काय एवढं" हे शब्द उच्चारण्याआधी माणसानं निदान घोटभर पाणी प्यावं, असं विजयमालाबाईंचं चाळीस वर्षांच्या संसारातून तयार झालेलं मत आहे. सिद्रामप्पांनी पाणी प्यायलं नाही. समोर त्यांचा जुना मित्र इसूफ बसला होता, टीपॉयवर पिंजरा होता, पिंजऱ्यात पोपट होता आणि इसूफ विचारत होता, "संभाळशील का बे सिद्राम? मी चाललो हैदराबादला, अरिबाकडं. पोरीचं घर लहान, त्यात लहान लेकरं. याला तितं कुटं न्यायचं?"

इसूफची बायको अजीजा उन्हाळ्यात वारली. पोपट तिचा होता. अकरा वर्षं तिनं त्याला जपलं होतं. बोलताना इसूफनं बाहीनं डोळे टिपले आणि मित्राच्या डोळ्यांत पाणी आलेलं सिद्रामप्पांना बघवत नाही, म्हणून ते घाईघाईनं म्हणाले, "त्यात काय एवढं. पोपटच हाय की. चावतबिवत न्हाय न्हवं?"

"अजीजाच्या खांद्यावरनं उतरायचा न्हाय," इसूफ म्हणाला.

हे उत्तर त्या प्रश्नाचं नव्हतं, हे कळायला सिद्रामप्पांना पुढं तीन महिने लागले.

पोपट म्हणजे हिरवा, हा आपला समज. हा राखाडी होता, मूळचा आफ्रिकेकडचा, आणि शेपूट तेवढी लालभडक. राखाडी सफारी आणि मागं लाल दिवा बघून अजीजानं त्याचं नाव कलेक्टर ठेवलं होतं. नावाचा गुण असा, की सिद्रामप्पांच्या घरात कुणालाच त्याला एकेरी हाक मारवेना. पहिल्याच दिवशी विजयमालाबाई म्हणून गेल्या, "कलेक्टर जेवले का बघा," आणि तेच रूढ झालं.

आता इथं सिद्रामप्पांच्या टॉवेलाविषयी सांगितलं पाहिजे. त्यांची एकतीस वर्षं टॉवेलाच्या कारखान्यात गेली. टॉवेल विणण्यात नव्हे, तर विणलेल्या टॉवेलातले दोष काढण्यात. सुटलेला धागा, तिरकी कड, रंगाचा डाग, काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. चार वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, पण त्यांच्या डाव्या खांद्यावरचा टॉवेल निवृत्त झाला नाही. घरात टॉवेलाशिवाय वावरणं म्हणजे त्यांच्या लेखी उघड्यानं फिरणंच. त्यात घरी पहिल्यांदा येणाऱ्या मानाच्या माणसाला टॉवेल-टोपी द्यायची, ही आपल्याकडची रीत. पाहुणा पोपट असला म्हणून काय झालं, कलेक्टर तर होता. टोपी बसण्यासारखी नव्हती. म्हणून इसूफ स्टेशनकडं गेल्यावर सिद्रामप्पांनी कपाटातला कोरा, लाल काठाचा टॉवेल काढला, पिंजऱ्याचं दार उघडलं आणि दोन्ही हातांनी तो कलेक्टरांच्या अंगावर घालायला पुढं झाले.

पुढचा कार्यक्रम आठ सेकंदांत आटोपला. विजयमालाबाईंनी हळद आणली, पट्टी आणली आणि "मी म्हणतच होते" हेही आणलं. त्या तसं काहीच म्हणत नव्हत्या, पण अंगठ्यातून रक्त येत असताना तो मुद्दा काढण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इसूफचा व्हिडिओ कॉल आला. "कसा हाय रे तो?"

सिद्रामप्पांनी पट्टीचा हात कॅमेऱ्याच्या बाहेर ठेवला होता. खरं सांगायला काही हरकत नव्हती. पण इसूफच्या मागं परकी भिंत दिसत होती, परका पंखा दिसत होता आणि तो स्वतः खुर्चीच्या कडेवर पाहुण्यासारखा अवघडून बसला होता. सिद्रामप्पांनी फोन तोंडाजवळ धरला. ते म्हणाले, "एकदम झकास. खांद्यावर बसतो की."

"खरंच?" इसूफ म्हणाला. त्या 'खरंच'मध्ये एवढं आश्चर्य कशाला, हे तेव्हा सिद्रामप्पांच्या ध्यानात आलं नाही.

खोट्याचं असं असतं, की त्याला रोज थोडं खायला घालावं लागतं. मंगळवारी कलेक्टर खांद्यावर बसले होते, तर गुरुवारी त्यांना हातावरचे दाणे खावे लागले, रविवारी त्यांनी सिद्रामप्पांच्या गालाला गाल लावला आणि पुढच्या आठवड्यात तर ते विजयमालाबाईंच्या मांडीवर डुलक्या काढायला लागले. रोज एक नवी प्रगती कानावर पडल्यामुळं हैदराबादेत इसूफ खुश होता. इकडं सिद्रामप्पांच्या दहापैकी सहा बोटांना पट्ट्या होत्या. सगळ्यात वाईट गोष्ट ही, की हा पोपट चावतो का आणि त्याला उपाय काय, हे ज्या एका माणसाला विचारता आलं असतं, त्यालाच आता विचारता येत नव्हतं. जो पोपट चावतच नाही, तो का चावतो असं कसं विचारणार?

मग शेजाऱ्यांना विचारावं लागलं. खरं तर विचारावं लागलंच नाही.

शेजारचे निंगप्पा एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले होते आणि ज्याला वेळापत्रक समजतं त्याला जगातलं सगळं समजतं, अशी त्यांची श्रद्धा होती. खांद्यावरचा टॉवेल झटकत ते आत आले, लांबून पोपटाची पाहणी केली आणि म्हणाले, "भाषेचा लोच्या हाय हो सिद्रामप्पा. अकरा वर्षं उर्दू ऐकलेलं जनावर. तुमी त्याला मराठीत बोलायलाय, त्याला वाटतंय शिव्याच द्यायलेत."

त्यावर सिद्रामप्पांनी आठवडाभर दखनी, म्हणजे आपल्याकडची उर्दू, बोलून पाहिली. "आव जी कलेक्टरसाब, आव," असं ते पिंजऱ्यासमोर वाकून म्हणत आणि विजयमालाबाई स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून हसत. कलेक्टरांनी दखनीत करंगळी फोडली. मग निंगप्पा स्वतः "बा इल्ली, बा" असं कानडीतून बोलवायला पुढं सरसावले. त्यांची मनगटाजवळची जखम भरायला दहा दिवस लागले.

"घाबरल्यालं कळतं त्याला," पट्टी बांधून घेताना निंगप्पांनी नवा सिद्धांत मांडला. "डोळ्यात डोळा घालून बघायचं. पापणी लववायची न्हाय." सिद्रामप्पांनी तसं बघितलं. कलेक्टरांनीही पापणी लववली नाही. त्यांनी शांतपणे गजांतून चोच बाहेर काढून चष्म्याची काडी धरली आणि मोडली. काडी कशानं मोडली, असं चष्म्याच्या दुकानदारानं विचारलं, तेव्हा सिद्रामप्पा सवयीनं बोलून गेले, "कलेक्टरांनी चावली." दुकानदारानं मान खाली घालून नवी काडी बसवली आणि पुढं एक शब्दही विचारला नाही.

समोरच्या गौरम्मांचं निदान वेगळं होतं. त्यांच्या मते पोपटाला दृष्ट लागली होती. त्या मूठभर मीठ आणि सात लाल मिरच्या घेऊन आल्या आणि पिंजऱ्यावरून ओवाळायला लागल्या. तिसऱ्या फेरीला कलेक्टरांनी गजांतून मान काढून त्यांच्या मुठीतली एक मिरची अलगद ओढून घेतली, एका पायात धरून बियांसकट खाल्ली आणि दुसरीसाठी वाट बघत उभे राहिले. गौरम्मांच्या बोटाला ओरखडासुद्धा उठला नाही. "माझी दृष्टच खाल्ली की ह्यानं," म्हणत त्या उरलेल्या मिरच्या तिथंच टाकून गेल्या.

हे सिद्रामप्पांना लागलं. विजयमालाबाई रोज सकाळी पिंजऱ्यात हात घालून पाणी बदलत, त्यांनाही कलेक्टर काही करत नसत. म्हणजे हा वैर धरून होता तो फक्त सिद्रामप्पांशी आणि त्यांची बाजू घेणाऱ्या निंगप्पांशी. "बायकांच्या हातचा पोपट हाय तो," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला, पण जेवण गेलं नाही.

तेवढ्यात सरकार मध्ये आलं. परदेशी पक्षी घरात ठेवायचा तर त्याची नोंद लागते. ती अजीजाच्या पश्चात इसूफच्या नावावर होती आणि आता सिद्रामप्पांच्या नावावर करायची होती. दोन चकरा मारल्यावर सिद्रामप्पांना योग्य कार्यालयाची योग्य खिडकी सापडली. खिडकीतल्या बाई तरुण होत्या आणि बोलायला चांगल्या होत्या. त्यांनी तीन गोष्टी मागितल्या: पक्ष्याच्या पायात जी कडी असते तिच्यावरचा नंबर, नव्या मालकाबरोबर पक्ष्याचा फोटो आणि अर्जावर जुन्या मालकाची सही.

"नंबर जुन्या कागदावर हाय की," सिद्रामप्पा म्हणाले.

बाईंनी कागद उलगडला. नंबर बरोबर घडीवर आला होता आणि अकरा वर्षांत घडीनं त्यातले शेवटचे चार आकडे खाल्ले होते. "कडीवर बघून लिहा ना काका."

"हात लावू देत न्हाय हो तो."

"मग तो तुमचा कसा?" बाई सहज म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या माणसाचा कागद घेतला.

सिद्रामप्पा सात रस्ता चौकापासून घरापर्यंत चालत आले. रिक्षाचं भानच राहिलं नाही. मग तो तुमचा कसा. एकतीस वर्षांत कारखान्यातल्या कुणी साहेबानं त्यांना इतकं वर्मी बोलून दाखवलं नव्हतं.

कडी कलेक्टरांच्या उजव्या पायात होती आणि कलेक्टर नेहमी डाव्या पायावर उभे राहत. उजवा पाय पोटाच्या पिसांत. निंगप्पांनी मोबाईलचा कॅमेरा मोठा करून पाहिला, दुर्बीण आणून पाहिली. शेवटी ते म्हणाले, "आता धरायलाच पायजे. चादरीचं गाव आपलं, माणसानं भ्यायचं कारण न्हाय." शनिवारी सकाळी ते आपली जाडजूड डबल चादर आणि सकाळी फिरायला येणारे दोन मित्र घेऊन हजर झाले. चिलखत म्हणून प्रत्येकानं हाताला टॉवेल गुंडाळले होते. विजयमालाबाईंना पंख्याच्या बटणापाशी उभं केलं, गौरम्मा दारातून बघायला थांबल्या आणि पिंजऱ्याचं दार उघडलं.

चार माणसं, आठ टॉवेल आणि एक चादर आपल्याकडं येताना दिसल्यावर कलेक्टरांनी जी किंकाळी फोडली, ती चौकातल्या भाजीवाल्यालाही ऐकू गेली. ते पंख्यावर गेले, पंख्यावरून निंगप्पांच्या डोक्यावर आले, तिथून त्यांच्या कानाचा समाचार घेऊन फडताळावर. फडताळावरची शेंगा चटणीची बरणी खाली आली आणि दोन किलो चटणी सगळ्यांच्या डोळ्यांत गेली. कुणाला काही दिसेना. त्या अंधाधुंदीत निंगप्पांनी चादर टाकली. "घावला," ते ओरडले, "पाय धरा, नंबर वाचा." दोघा मित्रांनी चादरीतला पाय घट्ट धरला आणि तो सिद्रामप्पांचा निघाला.

मोहीम संपली. मित्र डोळे धुवून गेले, निंगप्पा कान धरून गेले. विजयमालाबाईंनी घरातला टॉवेल म्हणून जो जो होता, चटणीनं माखलेला आणि न माखलेला, तो सगळा टबात भिजत घातला. तेवीस टॉवेल. सिद्रामप्पा एकतीस अधिक चार वर्षांत पहिल्यांदा उघड्या खांद्यानं, नुसत्या शर्टावर जेवणाच्या टेबलापाशी बसून राहिले. कुणी बघेल म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली.

कलेक्टर अजून फडताळावरच होते. अर्ध्या तासानं ते खाली उतरले. टेबलावर आले. सांडलेले दाणे टिपत टिपत सिद्रामप्पांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर येऊन उभे राहिले. एक डोळा त्यांच्याकडं लावला आणि खात राहिले. मग सिद्रामप्पांच्यातला जुना, दोष शोधणारा माणूस जागा झाला. आज काय बदललं? शर्ट तोच, चष्मा तोच, वास म्हणाल तर चटणीचा जास्तीचा. ते हळूच उठले, टबातला एक ओला टॉवेल पिळला, खांद्यावर टाकला आणि आत आले.

कलेक्टरांची पिसं अंगाला चिकटली. ते टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला गेले आणि थरथरायला लागले.

टॉवेल काढला, शांतता. टॉवेल घेतला, किंकाळी. दोष सापडला तरी खात्री तीनदा करायची, हा कारखान्याचा नियम. तिसऱ्या खेपेला तर किंकाळी टाळून कलेक्टर सरळ अंगठ्यावरच आले. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला, तेव्हा ते म्हणाले, "असणारच. अशा पक्ष्याला औषध पाजायचं, नखं कापायची, तर टॉवेलातच गुंडाळून धरतात. ह्याला कुणीतरी बरेचदा धरलेलं दिसतंय."

सिद्रामप्पांना स्वतःच्या बोटांचं काही वाटलं नाही. त्यांना लाज वाटली. ज्या वस्तूला हा जीव एवढा भीत होता, तीच खांद्यावर टाकून ते रोज दहा वेळा त्याच्यासमोर जात होते, तीच घालून त्यांनी त्याचा सत्कार केला होता आणि वर त्याला कृतघ्न म्हणत होते. ते टेबलापाशी परत आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "चुकलं की कलेक्टर." घरात दुसरं कुणी ऐकत नाही असं त्यांना वाटलं होतं. विजयमालाबाईंनी ऐकलं, पण त्यांनी ते आजवर काढलेलं नाही.

तेवीस टॉवेल वाळून ट्रंकेत गेले. अंघोळीनंतर सिद्रामप्पा जुन्या धोतराच्या फडक्यानं अंग पुसायला लागले. दाराबाहेर खिळा ठोकून वर पाटी लावली: 'टॉवेल इथे काढून ठेवावेत.' निंगप्पा पाटी वाचून चार दिवस आले नाहीत. "देवळात चप्पल काढतो आमी," असं त्यांनी गौरम्मांजवळ बोलून दाखवलं, "पर अंगावरचं कापड काढायला कुठल्या देवानं सांगितलं न्हवतं." पाचव्या दिवशी ते टॉवेल काढून आत आले आणि बराच वेळ एका हातानं खांदा झाकून बसले.

सिद्रामप्पा रोज दुपारी कलेक्टरांपासून दोन हातांवर लाल मिरची घेऊन बसत. बोलायचं नाही, हलायचं नाही. आठ दिवस मिरची टेबलावर ठेवायची, मग बोटांजवळ, मग बोटांत. देठ काढून द्यावा लागतो, हे तिसऱ्या दिवशी कळलं. कडक भाकरीचा तुकडा वाजवून दिला तर जास्त आवडतो, हे नंतर. आणि मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी, विजयमालाबाईंची पूजा चालू असताना, कलेक्टर त्यांच्या मनगटावर चढले, दंडावरून वर आले आणि डाव्या खांद्यावर, बरोबर टॉवेलाच्या जागी, बसले.

सिद्रामप्पा दीड तास हलले नाहीत. जेवायला उठले नाहीत. विजयमालाबाईंनी ताट तिथंच आणून दिलं आणि त्यांनी उजव्या हातानं, मान न वळवता, वरणभात खाल्ला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. विचारल्यावर ते मिरचीमुळं आहे असं त्यांनी सांगितलं.

पुढच्या आठवड्यात कलेक्टरांनी उजवा पाय त्यांच्या बोटावर ठेवला. विजयमालाबाईंनी भिंग धरून नंबर वाचला. फोटोही निघाला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "काका, तुमचे डोळे उघडे असलेला द्या," म्हणून पुन्हा काढला. आता फक्त इसूफची सही राहिली होती.

त्याच संध्याकाळी इसूफचा कॉल आला. "सिद्राम, गड्ड्याच्या जत्रेला येतो आमी. मी आणि अरिबा. ती म्हणती, इतका माणसाळलाय, गालाला गाल लावतो म्हणतात चाचा, तर परत आपल्याकडंच आणू. अम्मीची तेवढीच निशाणी हाय. मग सहीची भानगडच नको."

"त्यात काय एवढं," सिद्रामप्पा म्हणाले आणि फोन ठेवून बसून राहिले. कलेक्टर त्यांच्या कानाजवळचे केस चोचीनं विंचरत होते.

"खरं सांगून टाका की," विजयमालाबाई म्हणाल्या.

"काय सांगू? तीन महिने थापा मारल्या म्हणून?"

ते यायच्या दिवशी सकाळी विजयमालाबाई बाजारात गेल्यावर सिद्रामप्पांनी ट्रंक उघडली. वरचाच टॉवेल काढला. नुसता खांद्यावर टाकायचा होता. अरिबाच्या देखत कलेक्टर एकदा कडकडून चावले असते, तर लेकरांच्या घरात असलं जनावर तिनं नेलं नसतं. एक शब्द न बोलता काम झालं असतं आणि अब्रूही राहिली असती. ते टॉवेल हातात घेऊन आतल्या खोलीच्या दारापर्यंत आले. बाहेर कलेक्टर खुर्चीच्या पाठीवर बसून भाकरीचा तुकडा खात होते आणि पावलं ऐकून त्यांनी दाराकडं मान वळवली होती. सिद्रामप्पा तिथूनच मागं फिरले. टॉवेल घडी करून ट्रंकेत ठेवला आणि वर कुलूप घातलं.

दुपारी पाहुणे आले. इसूफला टॉवेल-टोपी द्यायलाच हवी होती, ती विजयमालाबाईंनी स्वयंपाकघरात नेऊन, दार लावून दिली आणि पिशवीत घालायला लावली. मग तो बाहेर येऊन दाराजवळच्या खुर्चीत बसला. निंगप्पा आणि गौरम्मा आधीच येऊन बसले होते. अरिबा खुर्चीत न बसता सरळ सिद्रामप्पांसमोर उभी राहिली, कारण कलेक्टर त्यांच्या खांद्यावर होते.

सिद्रामप्पा म्हणाले, "अरिबा, एक सांगायचं हाय. हा चावतो."

कलेक्टरांनी त्यांच्या गालाला गाल लावला.

"लई चावतो," सिद्रामप्पा नेटानं म्हणाले. "मी अब्बूंना रोज खोटं सांगितलं. ही बोटं बघ. हा अंगठा पहिल्या दिवशीचा. चष्मा मोडला. निंगप्पा, कान दाखवा."

निंगप्पांनी कान दाखवला. गौरम्मांनी चटणीच्या बरणीची साक्ष काढली. कलेक्टर तोवर डोळे मिटून सिद्रामप्पांच्या मानेवर डोकं टेकून बसले होते. अरिबा हसली. "चाचा, तुम्हाला द्यायचा नसेल तर तसं सांगा. पण बिचाऱ्यावर आळ नका घेऊ." आणि तिनं हात पुढं केला. हातात अजीजाच्याच हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. कलेक्टरांनी त्या बांगड्यांकडं पाहिलं, मान तिरकी केली आणि उतरून तिच्या मनगटावर गेले. अरिबाचं हसू थांबलं. तिनं दुसऱ्या हाताचा ओंजळीसारखा आडोसा करून त्यांना छातीशी धरलं आणि ती रडायला लागली.

सिद्रामप्पांचा खांदा हलका झाला. त्यांना काय बोलायचं ते ठरवायला वेळ मिळाला नाही. "माझा हाय तो," ते म्हणाले. "मिरचीचा देठ काढून द्यावा लागतो त्याला. दुपारी खिडकीतनं ऊन आलं की तिकडं न्यावं लागतं. टॉवेल दाखवायचा न्हाय, कधीच न्हाय. तुमच्या घरात कोण करंल हे सगळं? अरिबा, तुझ्या अम्मीचा होता, मला ठाव हाय. पर आता माझा हाय. त्याच्याबिगर मला करमायचं न्हाय."

साठी उलटलेल्या माणसानं चार माणसांसमोर असं बोलावं, ही काही शोभेची गोष्ट नव्हती. निंगप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरात तारीख बघायला लागले.

"अब्बू?" अरिबानं मागं वळून विचारलं. "दिवसभर तुम्हीच असणार घरी. तुम्ही सांगा."

इसूफ खुर्चीत आणखी मागं सरकला. मग त्यानं शर्टाची बाही कोपरापर्यंत वर केली. मनगटापासून वर बारीक पांढऱ्या खुणाच खुणा होत्या, जुन्या, एकाशेजारी एक. "अकरा वर्षं," तो म्हणाला. "औषध द्यायचं काम माझं होतं. टॉवेलात धरून. अजीजाच्या खांद्यावरनं उतरायचा न्हाय आणि मला घरात थारा द्यायचा न्हाय. सिद्राम सांगायचा खांद्यावर बसतो, मला वाटायचं, ह्याच्यात असं काय हाय बे, जे माझ्यात न्हाय? आठ दिवस झोपलो न्हाय मी, हा परत यायलाय म्हणून. पोरीला सांगायचं कसं?"

अरिबा डोळे पुसायचे सोडून बापाकडं बघत राहिली.

"जाताना अजीजा मला म्हणाली होती," इसूफ म्हणाला, "तुझ्याच्यानं हे व्हायचं न्हाय. याला माझा म्हणणारं कुणीतरी बघ. तिनं शब्द घेतला होता माझा." त्यानं सिद्रामप्पांकडं पाहिलं. "कागद आण."

अरिबा पुढं झाली आणि तिनं मनगट सिद्रामप्पांच्या खांद्याला लावलं. कलेक्टर क्षणभर थांबले, मग एक पाय उचलून पलीकडं गेले. "आता व्हिडिओ कॉल मला करायचा चाचा," ती म्हणाली. "रोज. अब्बूंना सांगितलेलं मला चालणार नाही, दाखवायचा."

विजयमालाबाईंनी कागद आणला आणि टीपॉयवर ठेवला. सही करायला इसूफला खुर्चीतून उठून सिद्रामप्पांच्या शेजारी यावं लागलं. तो आला, हात लांब करून, तिरका उभा राहून त्यानं सही केली. एक डोळा कागदावर होता आणि एक कलेक्टरांवर. मग पेन टीपॉयवर ठेवून त्यानं हात पटकन मागं घेतला.